ठवकरकाकांची मडकी

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत ठवकरकाकांच्या फाटकाच्या खांबावर एक काळं मडकं असतं. त्यावर चुन्यानं काढलेले डोळे आणि दात. नजर लागू नये म्हणून असली मडकी पुष्कळ घरांवर असतात. पण हे मडकं रात्रभर घराकडे बघायचं आणि सकाळी सातला रस्त्याकडे बघू लागायचं. पुढे तशीच अकरा मडकी गल्लीत झाली. सकाळी फिरायला निघालो की माझ्या अंगावर काटा यायचा.

काका कृषी खात्यातले निवृत्त सहायक. कुही तालुक्यातल्या शेतकऱ्यांना धानाच्या रोवणीची, म्हणजे भातलावणीची, नवी पद्धत शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. "सांगून कोणी आयकत नाही गा, मास्तर. बांधावरून दिसलं पायजे," हे त्यांचं ठाम मत. एका उन्हाळ्यात ते टोपीखाली पळसाचं पान ठेवून भाजी आणायला जाऊ लागले. कोणाला एक शब्द सांगितला नाही. मे संपेपर्यंत अर्धी गल्ली डोक्यावर पान घेऊन हिंडत होती. मी गणिताचा शिक्षक, मीसुद्धा.

मडक्याचंही तसंच. महिनाभर अवाक्षर नाही. विचारलं तर "काही नाही गा, असंच." त्यामुळे गल्लीला झोप येईना. पहिलं मडकं त्यांनी कोणा हुशार माणसाला दिलं नाही. समोरच्या कुंभलकरबाईंना दिलं. बाई एकट्या राहतात आणि बोलायला लागल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात. "आठ दिवस ठेवून पाह्य वं बाई. नाही जमलं तं वापस दे. सकाळी उठली का तोंड रस्त्याकडे कराचं, झोपताना घराकडे. बस." आठव्या दिवशी बाईंच्या वाळक्या कढीपत्त्याला पालवी फुटली. मग काय, काका मडकी रंगवून थकले.

रोज सकाळी काका काठी टेकत गल्लीभर फिरत. प्रत्येक मडक्यापुढे क्षणभर थांबत, ओठ हलवत. ही करणीबिरणी तर नाही ना, असं माझ्याही मनात येऊन गेलं.

एका मंगळवारी मी फिरायला निघालो, तेव्हा ते कुंभलकरबाईंच्या फाटकाशी थबकले होते. मडक्याची नुसती काळी पाठ दिसत होती.

"हे काहून फिरलं नाही?" त्यांनी काठीनं फाटक ढकललं. "मास्तर, दार तोड!"

त्यांच्या आवाजानं मी इतका घाबरलो की काही न विचारता दाराला खांदा लावला. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, पहाटेपासून. हाका मारून मारून आवाज बसला होता. पाय मोडला, पण जीव वाचला.

दवाखान्याच्या बाकावर मी म्हटलं, "काका, हे आधीच सांगायचं ना!"

"मेला का जित्ता हे पाहाले मडकं ठेवा म्हटलं असतं, तं कोणं ठेवलं असतं गा? मराची गोष्ट कोणाले आवडत नाही. नजरेले मात्र सगळे भेतात." मग म्हणाले, "माहा भाऊ सक्करदऱ्याले एकटा राहे. तीन दिवस घरात पडून होता. शेजारी म्हणे, आम्हाले वाटलं गावाले गेला असन."

खरं कारण कळल्यावरही मडकी राहिली. नंतर एका रविवारी सातला मी बाहेर पडलो, तेव्हा काकांचंच मडकं घराकडे तोंड करून होतं. झोपले असतील, म्हटलं. फिरून आलो, अंघोळ केली, पेपर वाचला. नऊला ते मडकं एकदम आठवलं आणि मी धावलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. अजिबात हलत नव्हते. समोर दोन कप चहा, दोन्हींवर साय.

"नऊ वाजले गा, मास्तर."

"ही काय थट्टा झाली, काका?"

"सगळ्यायच्या मडक्याकडे मी मोजून मोजून पाहतो. माह्या मडक्याकडे कोणी पाहते का, एवढंच पाहाचं होतं."

दोन तास मी फिरण्यात आणि पेपरात घालवले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांना दिसली असावी.

"पण आला न गा," असं म्हणत ते कप उचलून चहा गरम करायला आत गेले. मी बाहेर जाऊन त्यांचं मडकं रस्त्याकडे फिरवलं.