रंगातात्यांची आवक-जावक

आमचे शेजारी रंगातात्या प्लॉट बघायला गेले की प्लॉटकडे बघायचेच नाहीत. त्या गावच्या डेअरीसमोर पायरीवर बसायचे आणि कोण भरली किटली आणतो, कोण रिकामी आणतो, ते वहीत लिहायचे. भरलेल्या जास्त निघाल्या की म्हणायचे, "हितं लोक दूध घालत्यात. म्हंजी रानच हाय अजून. जितं दूध इकत घेत्यात, तितं वस्ती वाढती. तितं जागा घ्यावी."

तात्या बारामतीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. तीस वर्षं पोती तोलली. निवृत्त झाले तरी "आवक किती, जावक किती?" ही सवय काही सुटली नाही. लग्नाला गेले तरी पंगतीत किती बसले, किती उठले, याची नोंद असायची.

नव्वदच्या दशकातले ते दिवस. जो तो प्लॉटबद्दल बोलत होता आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यात माझी बदली इंदापूरच्या शाळेत झाली. रोज बारामतीहून एसटीने जाऊन-येऊन हाडं खिळखिळी झाली, तेव्हा तिकडेच घर बांधायचं ठरवलं आणि तात्यांना शरण गेलो.

पहिलंच गाव, सणसर, नापास झालं. किटल्या भरलेल्या. एवढं मला समजलं. भिगवणला दूध विकत घेणारे भरपूर, तरी नापास. कारण काय, तर दोरीवर वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे जास्त. "पोरं लई. म्हंजी भाडेकरू लई." पुढे इंदापूरही नापास, कारण दोरीवर लहान कपडे कमी. "पोरं न्हायत, तर वस्ती टिकंल कशी?"

"तात्या, भिगवणला तुम्ही उलटं म्हणाला होता."

"मास्तर, आकडा उलटा-सुलटा नसतोय. बघणारा असतोय."

मी मान डोलावली. बायको म्हणाली, "सगळी गावं नापास, मग माणसं राहतात कुठं?"

शेवटी लोणी देवकर राहिलं. तिथे कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. तात्या डेअरीसमोर किटल्या मोजायला बसले आणि मला फाट्यावरच्या टपरीवर चहाचे कप मोजायला बसवलं. मी एकशे दहा मोजले. परत येताना वहीत बघतो तर चाळीस. शेरा : नापास.

शाळेतले एकजण म्हणाले, "तुमच्या तात्यांची दुसरीकडं दलाली असंल." माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी तात्यांकडे चहाला जायचा माझा रिवाज होता, तो दोन दिवस बंद केला. तिसऱ्या दिवशी जाब विचारायलाच गेलो.

तात्या एकटेच राहायचे. काकू जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली. स्टोव्हवर चहा उकळत होता आणि समोर दोन कप मांडलेले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "रोजच्यावानी दोन कपांचा टाकतोय. परवापासनं एक ओतून द्यावा लागतोय."

मी चप्पल काढून आत येऊन बसलो.

"तीस वर्षं यार्डात काटा मारला न्हाय, मास्तर. तुमच्या वक्ताला मारला. घ्या ती जागा, पास हाय. सगळ्यात पास हाय. तुमी गेल्यावर ह्या गल्लीत माझ्याकडं आवक कुणाची, ह्येच मोजत बसलो."

मला फार वाईट वाटलं. दलालीचं मनात आणलं याची लाजही वाटली. मग मीच दोन्ही कपांत चहा ओतला आणि आम्ही प्यालो.

वर्षभराने आम्ही लोणी देवकरच्या घरात राहायला गेलो. पहिल्याच रविवारी फाट्यावर एसटी थांबली आणि तात्या उतरले. घराकडे बघितलंही नाही. आमच्या पायरीवर बसले, वही काढली आणि काहीतरी लिहिलं. किटल्या तर कुठे दिसत नव्हत्या. मी मागून डोकावलो. 'लोणी देवकर. आवक : एक. जावक :' आणि पुढे पेन्सिल टेकवून ते म्हणाले, "बारामतीची शेवटची गाडी कितीला हाय?"

बायकोने आतूनच सांगितलं, "जावक उद्या लिहा, तात्या. भाकरी टाकलीये."

तात्यांनी वही मिटली.