दोनशे चौदा प्रमाणित शब्द

भाषा टिकवायची असेल तर आधी तिच्यातली गर्दी कमी करावी लागते, हे नाशिकच्या एका शब्दसंवर्धन मंडळाला फार पूर्वीच उमगले होते. फक्त कोणी गर्दी घेऊन येत नव्हते. ती स्नेहल घेऊन आली.

स्नेहल आली ती आईसाठी. आई ठमाबाई पेठच्या डोंगरात एका पाड्यावर राहते. पन्नाशी उलटल्यावर ती साक्षरता वर्गात अक्षरे शिकली. पण पाड्यावर वाचायला येते काय? (वर्तमानपत्र येते, भज्यांभोवती.) शिकलेले विसरायला होऊ नये म्हणून प्रोग्रॅमर लेकीने तिच्यासाठी मोबाइलवर खेळ केला. विखुरलेली अक्षरे जुळवायची. शब्द यादीत असला की टाळ्या वाजणार, नसला की पडद्यावर येणार, ‘असा शब्द नाही’. पाड्यावर रेंज नसते, म्हणून सगळी यादी फोनातच साठवायची. एकतीस हजार चारशे साठ शब्द तिने जमवलेही होते. धीर तेवढा होत नव्हता. कॉलेजात तिच्या बोलण्याला वर्ग हसला होता, तेव्हापासून कुठला शब्द चालतो हे शहरातल्या माणसांना विचारायची तिला सवय लागली होती. सवय चांगलीच. अशा सवयींवरच मंडळे चालतात.

मंडळाने ताबडतोब समिती नेमली: अध्यक्ष कारभारी सर, सदस्य वत्सलाबाई (निवृत्त मुख्याध्यापिका) आणि शुभांगीताई (ऐनवेळी कोणी मिळाले नाही म्हणून).

“हे बघ बाळ,” कारभारी सर म्हणाले, “ऑनलाइन असतं तर चूक झाली तरी मागाहून सुधारता आली असती. तुझी यादी फोनात कायमची बसणार. म्हणजे आत्ताच गाळून घेतलेली बरी.”

तर्क बिनतोड होता. गाळणी अकरा बैठका चालली. अहवालानुसार, परकीय म्हणून नऊ हजार आठशे सत्तर शब्द गेले. त्यात ‘खुर्ची’ही गेली. (ठराव एकमताने झाला. सदस्य बसूनच होते.) असभ्य म्हणून एक हजार दोनशे चार, या शब्दांचे वाचन सर्वांत सावकाश झाले आणि काही पुन्हा वाचून घ्यावे लागले. मरण, ताप, दिवाळे असे अशुभ दोन हजार तीनशे सोळा, कारण खेळ ज्येष्ठ नागरिकही खेळतील. आणि ‘सदस्यांच्या घरी बोलले जात नाहीत’ म्हणून सतरा हजार आठशे छप्पन्न.

“नागली राहू द्या ना,” शुभांगीताई एकदा म्हणाल्या. “तिकडं रोज भाकरी खातात तिची.”

“खाऊ देत की,” वत्सलाबाई म्हणाल्या. “खायला कुठं मनाई केलीये? यादीत नको, एवढंच.”

शुभांगीताईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तो इतिवृत्तात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असा नोंदवला गेला.

उरले दोनशे चौदा शब्द: अध्यक्ष, उद्घाटन, दीपप्रज्वलन, सौजन्य, संवर्धन, आभार आणि त्यांचे भाऊबंद. एका निमंत्रणपत्रिकेला पुरून उरतील एवढे. साठवायला जागा अशी लागतच नव्हती, आणि खेळ विजेसारखा चालत होता. खाली सरांची सही पाहून स्नेहलने तीच यादी फोनात भरली. शिकलेली माणसे चुकतील कशी?

रविवारी ती पाड्यावर गेली. ठमाबाईने हात धुऊन, पुसून फोन घेतला आणि एकेक अक्षर ओढत ‘नागली’ जुळवले.

असा शब्द नाही.

तिने कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीकडे बघत ‘कणगी’ जुळवले. असा शब्द नाही. ‘आवण’. जिथे ती तीस वर्षे भाताची रोपे वाढवत आली, ते आवण. असा शब्द नाही.

“माझंच चुकलं आसंल गं,” ती लेकीला म्हणाली. “फोनला समदं ठावं. मला कुठं येतंय नीट.”

आणि तिने फोन परत दिला. समोर नागलीची भाकरी होती. स्नेहलला आईची कीव आली नाही, स्वतःची लाज वाटली. आईचे एकही अक्षर चुकले नव्हते.

त्यानंतरचे चार दिवस तिने रजा काढली. आई कामे करत बोलत होती, लेक मागे फिरत शब्द टिपत होती. झाले तेवीसशे. जुनी पुसून नवी यादी दोघींच्या फोनांत बसली आणि ‘नागली’वर टाळ्या वाजल्या, तेव्हा ठमाबाई पदर तोंडाला लावून लय वेळ हसली.

नाशिकला मंडळाने खेळाच्या लोकार्पणाचा सोहळा ठेवला होता. शाल-श्रीफळ झाले आणि सरांनी स्नेहलच्या फोनवर सभागृहासमोर पहिला शब्द जुळवला: ‘संवर्धन’.

असा शब्द नाही.

सरांनी चष्मा पुसून ‘अध्यक्ष’ जुळवले. तोही नाही.

“तुझा फोन बिघडलाय,” सर म्हणाले.

“फोन चांगलाय सर,” स्नेहल म्हणाली. “आमच्या घरी बोलत नाहीत हे शब्द.” आयुष्यात पहिल्यांदा तिने शहरातल्या माणसाला काही विचारले नव्हते, सांगितले होते.

आपलेच काही चुकले असेल, असे सरांच्या मनाला शिवलेही नाही. शिक्षणाचा हाच तर फायदा असतो.

स्नेहलची ही नवी यादी अप्रमाणित असल्याचे मंडळाने जाहीर केले आहे. पाड्यावर नेट नसल्याने ही बातमी तिकडे पोहोचलेली नाही आणि खेळ चालू आहे. समितीत मात्र एक जागा रिकामी आहे. त्यासाठी अर्ज, मुलाखत, काही नको. ही हकीकत वाचताना एखाद्या शब्दापाशी थांबून ‘हा काय मराठी शब्द झाला?’ असे ज्यांनी मनातल्या मनात म्हटले, त्यांची निवड झालेली आहे. अभिनंदन. येताना लाल पेन आणावे.