गोदाक्काचा नंबर

एका जंगलात गूळ मिळेनासा झाला. त्याआधी तेल गेले होते, त्याच्याही आधी मीठ. पण सिंहमहाराजांनी त्या दहा वर्षांना ‘भरभराटीचे दशक’ असे नाव देऊन टाकले होते. आता दिलेले नाव परत कसे घ्यायचे? म्हणून सगळे भरभराटीतच उपाशी राहत.

तर मुलांनो, त्या जंगलात गोदाक्का नावाची एक कासवीण होती. तिच्या लेकीची त्र्याऐंशी अंडी ओढ्यातल्या बेटावर, वाळूत पुरलेली होती. शुक्रवारी ती फुटणार होती आणि रविवारी बारसे. बारशाला गुळाचा सांजा नाही, असे त्या घराण्यात तीनशे वर्षांत झाले नव्हते.

“नसू दे गं आई,” लेक म्हणाली.

“नसू दे कसं? पोरं मोठी होऊन काय म्हणतील? आजी होती, पण सांजा नव्हता?”

गोदाक्का मंगळवारी निघाली. दुकान जवळच होते, म्हणून गुरुवारी पोचली.

दुकान नाना उदमांजराचे. खिडकी बंद होती. बाहेर दोन रांगा होत्या, एक ओढ्याच्या अलीकडच्यांची आणि एक पलीकडच्यांची. रांगेत मात्र प्राणी एकही नाही, नुसते दगड! दगड ठेवून सगळ्यांनी नंबर लावले होते आणि सगळे मोर्चाला गेले होते. अलीकडच्यांचा मोर्चा पलीकडच्यांविरुद्ध, पलीकडच्यांचा अलीकडच्यांविरुद्ध.

गोदाक्काने खिडकी वाजवली. नानाने बोटभर फट केली.

“आक्का, तुम्ही अलीकडच्या की पलीकडच्या?”

“मी ओढ्यातली.”

“ओढ्याची रांग नाही.”

“मग काढा की!”

“वरून हुकूम यायला हवा.” फट बंद.

गोदाक्का बिचारी दोन रांगांच्या मधे उभी राहिली. तेवढ्यात दोन्ही मोर्चे परत आले आणि समोरासमोर भिडले.

“तुम्ही इथं आलात आणि गूळ संपला!” अलीकडचा गुणाजी वानर ओरडला.

“आम्ही यायच्या आधी तरी कुठं होता?” पलीकडची नीलगाय म्हणाली.

गुणाजीने उत्तरादाखल दगड उचलला. जवळ दगड कुठले? रांगेतलेच! पहिला नंबर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता दोन्ही रांगा हवेत.

“माझा सतरावा नंबर कोणी फेकला रे?”

“माझ्या टाळक्यात बसलाय! ये, घेऊन जा!”

गोदाक्काने घाबरून डोके आणि पाय आत घेतले. तिथेच चुकले. गुणाजीला वाटले, वा, हा दगड छान गोल आहे.

“अरे मेल्या, खाली ठेव! मी गिऱ्हाईक आहे!” आतून आवाज आला. पण त्या गोंधळात ऐकतो कोण? गुणाजीने नेम धरला. नीलगाय खाली वाकली. आणि गोदाक्का जन्मात पहिल्यांदाच भरधाव निघाली.

“अगं बाई, बाई, काय हा वारा!”

खिडकी फुटली. गोदाक्का धप्पकन एका गुळाच्या ढेपेवर आदळली. तिने हळूच डोके बाहेर काढले. जमिनीपासून छपरापर्यंत ढेपाच ढेपा!

नानाचे तोंड पांढरेफटक पडले. तरी सवयीने त्याने विचारलेच, “अलीकडच्या की पलीकडच्या?”

“फेकलं अलीकडच्यानं, नेम होता पलीकडचीवर, पडले तुमच्या ढेपेवर. आता काय ते तुम्हीच लिहा!”

नानाने घाईघाईने फुटक्या खिडकीवर पोते ओढले. “आक्का, एक ढेप घ्या आणि मागच्या दारानं जा. पण... इथं काय काय पाहिलंत?”

गोदाक्काला त्र्याऐंशी नातवंडे आठवली.

“माझं डोकं आत होतं हो. मला काय दिसणार?”

“दोन घ्या,” नाना म्हणाला.

रविवारी बारसे झोकात झाले. अलीकडचे आले, पलीकडचे आले, सगळ्यांच्या डोक्याला पट्ट्या. सांजा पुन्हा पुन्हा मागून खाल्ला.

“आक्का, गूळ कुठं मिळाला?” गुणाजीने बोटे चाटत विचारले.

“रांगेत,” गोदाक्का म्हणाली. ते काही खोटे नव्हते.

सगळे ताटावरून उठले आणि नवे दगड ठेवायला पळाले. थोरल्या नातवाचे नाव दगडू ठेवले.

तात्पर्य : रांगेत शांतपणे उभे राहिले की आपला नंबर लागतोच, मुलांनो. फक्त पाठ टणक ठेवावी, डोके आत घ्यावे आणि कोणाच्या तरी हाताशी येईल असे उभे राहावे.