कांतीशेठची वाघीण

मंचरच्या बाजारपेठेत कांतीशेठच्या भुसार दुकानात तुम्ही अर्धा किलो तूरडाळ मागितलीत, तर ती लगेच मिळायची. पण चुकून "काय शेठ, नवीन काय वाजवलंत?" असं विचारलंत, की संपलं. शेठ गल्ल्यामागचा टेप लावायचे आणि गाणं पुरं होईपर्यंत तराजूला हात लावायचे नाहीत. त्यांचं सगळ्यात छोटं गाणं वीसेक मिनिटांचं होतं.

"घाई कुणाला हाय?" हे त्यांचं पेटंट वाक्य. घाई गिऱ्हाइकाला असायची. पण डाळ शेठच्या ताब्यात असल्यामुळे ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

शेठचे आजोबा राजस्थानातून आले. नातू मात्र बोलण्या-भांडण्यात अस्सल इथला. पुण्याला कॉलेजात असताना हॉस्टेलवर कुणीतरी त्यांना एक परदेशी कॅसेट ऐकवली. शेठ मला, शाळामास्तरला, सांगायचे, "सर, अख्खी बाजू एकच गाणं! मेसची घंटा झाली, पोरं जेवून आली, गाणं आपलं चालूच!" कॉलेज अर्धवट राहिलं आणि इलेक्ट्रिक गिटार घरी आली. वडिलांनी गिटार नको म्हटलं नाही, आवाज नको म्हटलं. म्हणून गिटार बारदानाच्या गोदामात गेली.

दुकानात येणारे शेतकरी विचारायचे, "शेठ, हे हाय तरी काय?"

"प्रोग्रेसिव्ह रॉक."

"म्हंजी?"

"प्रगतशील शेतकरी असतो का न्हाई? साधा शेतकरी एक पीक घेतो, प्रगतशील आंतरपीक घेतो. तसं हे प्रगतशील गाणं. एकात चार गाणी."

शेतकऱ्यांना हे चटकन पटायचं. पुण्याच्या जाणकारांना मी पुढे तीन-तीन वेळा समजावलं, तरी नीट कळलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. संगीताशी माझा संबंध प्रार्थनेपुरता. एक दिवस शेठनी माझ्या गळ्यात बेस गिटार अडकवली. "सर, गिटारला सहा तारा असतात, हिला चारच. तुमाला जमंल." ड्रमवर महाळुंगे पडवळचा बबन. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. शेठनी त्याला सात मात्रांचा ठेका दिला तेव्हा तो काड्या खाली ठेवून म्हणाला, "शेठ, सातावर नवरदेव नाचंल कसा? लंगडंल की!"

"लंगडू दे. घाई कुणाला हाय?"

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे येऊन राहिले होते. इकडे त्यांना सरसकट वाघच म्हणतात. कांदा बघायला बोरी बुद्रुकला गेलेल्या शेठना रस्त्यात वनखात्याची गाडी दिसली. पिंजऱ्यात मादी होती. भोवती ही गर्दी, कुणी काठीनं ढोसतोय, कुणी शिट्ट्या मारतोय. तिची आचळं दुधानं भरलेली होती. पिल्लं उसातच राहिली होती. गाडी तिला घेऊन भीमाशंकरच्या जंगलाकडे निघून गेली. शेठ कांदा न बघताच परत आले आणि म्हणाले, "सर, अल्बम करायचा. 'उसातली वाघीण'."

दोन वर्षं आम्ही गोदामात रेकॉर्डिंग करत होतो. बारदानाच्या थप्प्यांमुळे आवाज अजिबात घुमायचा नाही. स्टुडिओ नामी होता, फक्त शेजारी मिरचीची पोती होती. पहिल्या भागात बबन शिंकलाय. शेठनी ते तसंच ठेवलं. म्हणाले, वाघही शिंकतो कधी कधी. वीज ऐन रंगात जायची, मग सगळं पहिल्यापासून. तोवर शेठच्या पत्नी सुशीलाभाभी दारात उभ्या राहून विचारायच्या, "तुमची वाघीण जेवणार हाय, का तुमीच तेवढे?"

पुण्यातल्या एका कॅसेट कंपनीचे साहेब थोडा वेळ ऐकून म्हणाले, "छान आहे. पण गाणं सुरू कधी होणार?"

"झालंय की. तुमी आतच हाय त्याच्या," शेठ म्हणाले.

"चार मिनिटांचं करा. काढू आपण."

शेठ उठले. "साहेब, मी डाळसुदिक पॉलिश करून विकत न्हाई."

मग कॅसेट आमची आम्हीच काढली. कव्हरवरची वाघीण सुशीलाभाभींनी काढली. ती थोडी मांजरीसारखी आणि थोडी भाभींसारखी दिसत होती. प्रकाशन करायचं ठरलं बोरीच्या यात्रेत. सरपंचांनी नारळ फोडला, कॅसेटवरचा रंगीत कागद सोडला आणि ती उलटीसुलटी करून खिशात घातली. झालं प्रकाशन. सोबत आणलेली वाद्यं टेम्पोतच राहिली.

तेवढ्यात निरोप आला की तमाशाचा ट्रक वाटेत बंद पडलाय. दिवेलागण झालेली, मैदान गच्च भरलेलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष धावत आले. "शेठ, अर्धा तास पब्लिक धरून ठेवा राव!"

"अर्ध्या तासात एकच गाणं व्हईल."

"एक तर एक!"

बबननं शेठचा हात धरला. "शेठ, वाघानं ह्या गावच्या किती शेळ्या नेल्यात, ठावं हाय ना? आन् आपुन वाघिणीची बाजू घेणार? मारत्याल!"

 शेठनी गिटार गळ्यात घातली.

पहिली काही मिनिटं वाईट गेली. "बाई कुठाय, बाई?" अशा आरोळ्या आल्या. शेंगांची टरफलं आली. मग बबनचा सातचा ठेका सुरू झाला. पुढची पोरं नाचायला उठली आणि दर खेपेला एकमेकांवर आदळू लागली. सगळं मैदान हसायला लागलं. पण एका पोराला युक्ती सापडली. सातव्या मात्रेला उडी! बघता बघता शंभर पोरं सातव्याला उड्या मारू लागली. बबन ओरडला, "सर, लंगडत न्हाईत!"

आणि मग उसाचा भाग आला. तिथे सगळं थांबतं, फक्त माझा बेस वाजतो. एक खालचा सूर, मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा एक सूर. रात्री हातात बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या त्या माणसांना ही शांतता मी काय समजावणार? मैदानात कुणी हलेना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हाय. हितंच हाय."

शेठच्या गिटारनं डरकाळी फोडली. बायकापोरं किंचाळली आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडलं. मग पिंजरा आला, गाडी आली. शेवटी राहिले पिल्लांचे दोन बारीक सूर. हाक मारणारे. उत्तर नसलेले.

तोवर तमाशाचा ट्रक येऊन उभा राहिला होता. अध्यक्ष आम्हाला आवरा-आवरा अशा खुणा करू लागले, तर पहिल्या रांगेतला एक पैलवानगडी उठून गरजला, "बसा खाली! व्हऊ द्या पुरं!"

पुरं झालं.  आणि मग टाळ्या, शिट्ट्या, हवेत टोप्या. आणलेली कॅसेटची खोकी तिथंच रिकामी झाली. तमाशाच्या मालकानं स्वतः दोन घेतल्या.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. चिंधाबाई तिचं नाव. "शेठ, माझ्या दोन शेळ्या खाल्ल्या तुमच्या वाघिणीनं."

शेठनी हात जोडले.

"लई वंगाळ जात," ती म्हणाली. मग पदर सावरत, "पर ती पिल्लं? घावली का मंग तिला?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, बबनकडे पाहिलं.

"घावली, मावशी."

"हां. मंग ठीक."

परतीच्या वाटेवर टेम्पोत बबन गात होता, मी त्याला साथ देत होतो. शेठ बाहेरचा अंधारातला ऊस बघत होते. नारायणगाव मागे पडल्यावर म्हणाले, "सर, मी खोटं बोललो."

"अहो शेठ, गाणं आहे ते."

"गाणं हाय म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद आणि गोदाम उघडं. शेठनी शेवट बदलला. पिल्लांचे दोन सूर हाक मारतात आणि आता लांबून, डोंगरापलीकडून, एक जाड सूर ओ देतो. जवळ येतो. तिघं एकत्र वाजतात. दुकानावर पाटी लागली : जुनी वाघीण आणा, नवी घेऊन जा. लोक बदलायला आले, मित्रांनाही घेऊन आले. तिन्हीसांजेला चौकातल्या रसवंतीवर नवी वाघीण वाजायची आणि पोरं रसाचे ग्लास सांभाळत सातव्याला उडी मारायची.

चिंधाबाईची कॅसेट द्यायला शेठ स्वतः बोरीला गेले, मला घेऊन. ती ओट्यावर मेथी निवडत होती. कॅसेट हातात घेऊन म्हणाली, "आरं पर टेप कुठाय माझ्याकडं?"

शेठनी गाडीतून गिटार आणली. मशिनला जोडल्याशिवाय तिचा आवाज डासाएवढा. ते म्हातारीच्या शेजारी मांडी घालून बसले, तिनं कान गिटारजवळ नेला आणि शेठनी फक्त शेवट वाजवला. मला अंगणात काहीच ऐकू आलं नाही. फक्त दोन डोकी दिसत होती, गिटारवर वाकलेली.

"दोन्ही?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. शेठनीही पुढ्यातली एक जुडी ओढली.