अखंड निळी रेषा

सिर दर्या नदीच्या काठच्या आमच्या जुन्या शहरात पर्यटकांना वाटाड्याशिवाय हिंडता यावं, म्हणून आमच्या पर्यटन कार्यालयानं रस्त्यावर निळी रेषा आखायचं ठरवलं. रेषेवरून चालायचं, पाटी आली की थांबायचं, हातातलं पत्रक वाचायचं. याची गरज होतीच. आमच्याकडे कुणालाही किल्ल्याची वाट विचारली की तो आधी घरी नेऊन चहा पाजतो, मग नान खाऊ घालतो, आणि किल्ला उद्यावर जातो. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं.

कंत्राटात अट होती की रेषा पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत अखंड असावी. रंगारी मिर्झोअली अटी वाचणारा निघाला, हे आमचं दुर्दैव. मशिदीमागच्या गल्लीत ओयसुल्तान बीबींनी त्याला दारातून चहाला हाक मारली. चहाला नाही म्हणणं आमच्यात बसत नाही आणि रेषा तोडणं अटीत बसत नव्हतं. तो रंगाची गाडी ढकलत आत गेला. रेषा अंगणात शिरली, बसायच्या लाकडी चौथऱ्याला वळसा घालून गेली आणि तीन पेले चहानंतर बाहेर आली.

मी घाबरत हे आमचे प्रमुख हिकमतुल्लो साहेब यांच्या कानावर घातलं. त्यांनी नकाशा पाहिला. "रेषा चुकलेली नाही," ते म्हणाले, "स्थळ नोंदवायचं राहिलंय." रेषा पुसायला राजधानीची मंजुरी लागते, घर ऐतिहासिक ठरवायला साहेबांची सही पुरते. दाराशी सात नंबरची पाटी लागली. मी पत्रकात लिहिलं: पारंपरिक अंगण, तंदूर व वृद्ध स्त्री, सर्व मूळ स्वरूपात.

बीबींनी पहिल्या आठवड्यात येईल त्याला चहा दिला. मग तक्रार आली की आम्ही गेलो तेव्हा वृद्ध स्त्री झोपली होती. त्यावर नऊ ते पाच चौथऱ्यावर जागं बसण्याचा आदेश निघाला. प्लास्टिकची खुर्ची काळाशी विसंगत म्हणून उचलली गेली, पाठोपाठ चष्माही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बीबी भिंतीला हात लावत कार्यालयात आल्या. इस्फऱ्याला दिलेल्या त्यांच्या मुलीचे, झरनिगोरचे, दिवस भरत आले होते.

"पहिलटकरीण आहे, साहेब. आईशिवाय तिला कोण आहे? चाळीस दिवस राहून येते."

"बीबी, तुम्ही मला आईसारख्या," साहेब उठून उभे राहिले. "पण पुरातन वस्तू शहराबाहेर न्यायची म्हणजे राजधानीची परवानगी हवी."

"मी वस्तू कुठली रे? मी तिची आई आहे."

"पत्रकात आई असं लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मला लाज वाटली. तरी अर्जाचा नमुना मीच काढून दिला, आणि बीबींना चष्मा नव्हता म्हणून मीच भरला. वस्तूची उंची, वजन, कुठे तडे गेले आहेत काय. बीबी म्हणाल्या, "गुडघे लिही." आठ दिवसांत उत्तर आलं, म्हणजे आमच्या मानानं विजेच्या वेगानं. परवानगी मिळाली होती. वस्तू मात्र लाकडी पेटीत भुसा भरून, खिळे ठोकून न्यावी, आणि पेटीवर 'उलटी करू नये' असं लिहावं. साहेबांनी सुताराला माप घ्यायला पाठवलं.

सुतार पोचला तेव्हा बीबी निघाल्या होत्या. सकाळी दहाची वेळ, ऐन गर्दीची. बोचक्यात बाळाची दुपटी, काखेत कापडात गुंडाळलेले नान. समोरून रेषेवरून तीसेक पर्यटक येत होते, सगळ्यांचे डोळे पत्रकात. दारात एकानं बीबींना हातानं जरा बाजूला केलं आणि अदबीनं सांगितलं, "आजी, फोटोत येताय तुम्ही." बीबी बाजूला झाल्या, रेषा सोडून रस्त्यापलीकडे गेल्या आणि इस्फऱ्याच्या गाडीत बसल्या. त्यांना नात झाली.

चाळीस दिवस चौथरा रिकामा होता. पर्यटकांचं शेरेबुक रोज माझ्याकडे यायचं. एकही तक्रार नव्हती. साहेबांना ना मी काही कळवलं, ना सुतारानं. तुम्हीही त्याच दिवसांत येऊन गेलात. तुमचा शेरा मराठीत आहे, म्हणून मुद्दाम त्याचा अर्थ लावून घेतला: 'सात नंबरच्या आजी फारच गोड.'