भाकरीचा दोरा

मी भिकूमामांच्या तोंडात कडुलिंबाच्या पाल्याचा रस ओतत होते आणि मामा माझ्या हातातून निसटत चालले होते.

भर दुपार होती. शिवता शिवता ते मशीनवरच आडवे झाले. आम्ही त्यांना खाली घेतलं तरी मशीनचं चाक थोडा वेळ आपलं आपण फिरत राहिलं. अंग घामानं भिजलेलं, हात गार, डोळे अर्धे उघडे. ओठ मात्र हलत होते. "वाढा... इकडं वाढा..."

"साखर चढली," दारात जमलेल्या बाया म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. साखरेचा आजार असलेला माणूस पडला तर साखरेनंच पडला असणार, त्यात विचार काय करायचा? गोडाला उतारा कडू. म्हणून मी पाला ठेचला, फडक्यातून पिळला आणि घोट घोट पाजायला लागले. अर्धी वाटी पोटात गेली तशी त्यांची मान आणखीच ढिली पडली.

हे मामा माझे नात्यानं कोणी नव्हते. टेंभुर्णीत आमच्या वस्तीत त्यांची आणि माझी भिंत एक होती, एवढंच. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. तरुणपणी जालन्यात एका शिंप्याकडं काज-बटणं करता करता शिवण शिकले आणि जुनी मशीन घेऊन गावात बसले. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतले सगळे पांढरे कपडे त्यांच्याच हातचे.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माप लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. ते दोरा घ्यायचे, माणसाच्या अंगाला लावायचे आणि जिथं माप संपेल तिथं गाठ मारायचे. छातीची गाठ, उंचीची गाठ, बाहीची गाठ. प्रत्येक गिऱ्हाइकाचा दोरा वेगळा, वेगळ्या खुंटीला. भिंतीवर आख्खी वस्ती लोंबकळत असायची. वारा आला की सगळे एकदम हलायचे. दोरा कोणाचा हे त्यांना अंधारातही चाचपून कळायचं. एकदा पाटलाच्या घरचा आणि त्यांच्याच दारात राबणाऱ्या गोविंदा कोतवालाचा दोरा शेजारी टांगला होता. मामा म्हणाले, "बघ गयाबाय, दोरा पाह्यला तर कोतवालच मोठा माणूस हाय."

पुढं त्यांना सारखी तहान लागायला लागली, अंगावरचं मांस उतरलं. घरामागं ते लघवीला जिथं बसत तिथं मुंग्यांची रांग लागायची. जालन्याच्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, एका वेळेला एक भाकरी.

"केवढी?" मामांनी विचारलं.

डॉक्टरनं दोन्ही हात समोर धरून दाखवलं, एवढी. मामांनी खिशातून दोरा काढला आणि डॉक्टरच्या हातांमधलं माप घेतलं. डॉक्टर हात खाली करायला लागले तर म्हणाले, "हलू नका सायेब, गाठ मारून राह्यलो."

तो भाकरीचा दोरा. तोही खुंटीला. रोज भाकरी थापली, भाजली की मामा दोरा लावून बघायचे आणि मोठ्या कात्रीनं जास्तीची कड कापून टाकायचे. कापडासारखी, गोल फिरवून. कड चिमण्यांना. "मापात! बिलकुल मापात!" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. कोणाचं लग्न मोडलं तर "मापात नव्हतं." पुढारी भाषणाला आला आणि दोन तास बोलला तर "माप घेतलं न्हाई."

डॉक्टरनं एक छापील कागदही दिला होता. तो वाचायचं काम माझ्याकडं आलं, कारण वस्तीतल्या बायांत चौथी पास मी एकटी. सकाळी साय काढलेलं दूध आणि एक सफरचंद. दुपारी फुलके, कोशिंबीर, पनीर किंवा अंडी.

"सफरचंद कसं असतंय?" मामांनी विचारलं.

सफरचंद मी शाळेतल्या तक्त्यावर पाहिलं होतं. "लाल. गोल."

"टमाट्यावानी?"

"तसंच."

मामांनी कागद हातात घेऊन उलटासुलटा केला. "मोठ्या माणसाचा सदरा हाय गयाबाय. फेकायचा कशाला? उसवू अन् आपल्या मापाचा करू."

मग आम्ही दोघांनी तो उसवला. सफरचंदाच्या जागी टोमॅटो नाहीतर वाळूक. दुधाच्या जागी पातळ ताक. पनीराच्या जागी मठाची उसळ, हुलग्याचं कढण. कोशिंबिरीला तर पैसा लागतच नव्हता. बांधावर घोळीची भाजी होती, पाथरी होती, पाऊस पडला की तरोटा होता. करडई हातभर झाली की शेतवाले उलट म्हणायचे, शेंडे खुडून न्या, फांद्या फुटतात. मामा सकाळी पिशवी घेऊन निघायचे आणि बायांबरोबर भाजी खुडायचे. बाया हसायच्या. मामा म्हणायचे, "हसा. तुम्ही फुकट खाता, मी डॉक्टरच्या हुकमानं खातो."

जांभळाच्या बिया वाळवून त्यांची पूडही ते खात. तिनं काही होत होतं की नाही मला माहीत नाही, पण तोंड मात्र काळं व्हायचं. तीन महिन्यांत घरामागच्या मुंग्या कमी झाल्या. मामा रोज जाऊन पाहायचे आणि येऊन सांगायचे, "आज चारच आल्त्या. त्याबी वाट चुकलेल्या."

कागदाच्या मागच्या बाजूलाही छापलेलं होतं. मी तसं म्हटलंही होतं. मामा म्हणाले, "पुढचंच पाळता पाळता जीव जातोय, मागचं कशाला?" आणि त्यांनी पिठाची खळ लावून कागद भिंतीला डकवून टाकला. मीही पुन्हा काही बोलले नाही. ही चूक त्यांची अर्धी, माझी अर्धी.

गोडाचा त्यांना फार लोभ होता. बुद्धपौर्णिमेची खीर वाटीत घेऊन ते नुसते वास घेत बसायचे. वाफ गेली की वाटी माझ्या पोरींकडं सरकवायचे. म्हणायचे, "शीलं पाचच होती. डॉक्टरनं सहावं लावलं." पण एक मोठी पळवाट त्यांना सापडली होती. त्यांनी डॉक्टरला विचारून घेतलं होतं की सपनात खाल्लेलं चालतं का. डॉक्टर म्हणाले, "खुशाल खा." तेव्हापासून मामा दिवस मावळला की झोपायचे.

सकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा. "गयाबाय, रात्री जिलबी आल्ती."

"मंग?"

"मंग काय, बस म्हणलं."

आणि ते सांगायला लागायचे. जिलबी ताटात कशी उतरली, पाक बोटावरून मनगटापर्यंत कसा ओघळला, वाढणारा माणूस कसा थांबतच नव्हता, पंगत कुठं संपते ते दिसतच नव्हतं. मशीनचं चाक घुमत असायचं, आवाज त्यात मिसळायचा. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, झाडाचं पान हलत नसायचं. माझ्या दोन्ही पोरी, थोरली सोना आणि धाकटी बेबी, उंबऱ्यावर बसून ऐकायच्या आणि त्यांचे गळे हलायचे. मला वाटायचं, आमचं गाव जमिनीवरून वीतभर वर उचललं गेलंय आणि तरंगतंय. मी अशी मनोराज्यं करणारी बाई नव्हे. पण बहात्तरचा दुष्काळ होता आणि पोट रिकामं असलं की असं होतं.

नवरा कामाच्या शोधात गेला होता. त्याचा पत्ता नव्हता. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. बांधावरच्या भाज्या करपून गेल्या, ताक दिसेना. रेशनची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी कोरडी आणि फुटकी. त्या वर्षी मामांनी भाकरीच्या दोऱ्यात पहिल्या गाठीच्या आत नवी गाठ मारली.

"डॉक्टरनं माप कमी केलं," ते म्हणाले. "कड घेऊन जा. माझ्यासाठी जहर हाय ती."

मी घेतली. दोन महिन्यांनी आणखी आत गाठ. मग आणखी. आता भाकरीतून मधला लहानसा गोल चंदा तेवढा मामा ठेवायचे आणि बाकीचं कातरण माझ्या घरी यायचं. मी प्रत्येक वेळी घेतलं. लाज वगैरे वाटली नाही, पोरी भुकेल्या होत्या. उलट मनात म्हणायचे, बरा आजार झाला म्हाताऱ्याला.

आता त्या दुपारकडं येते. कामाला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. रसानं गुण येईना तेव्हा मी उठून कागदाशी गेले. पुढच्या बाजूला पडलेल्या माणसाचं काही लिहिलेलं नव्हतं. मी नखानं कागद ओरबाडला. अर्धा निघाला, अर्धा भिंतीलाच राहिला. उरलेल्या तुकड्यावर मी अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागले. बाया मागून ओरडत होत्या, "वाच की गं जल्दी!"

"घाम... थर... थरथर... असं... असंबद्ध बडबड..."

"बराबर हेच हाय!"

"गोळी घेऊन जेवण चुक... चुकल्यास. ताबडतोब साखर किंवा गूळ..."

पुढचं भिंतीवर होतं. पण एवढं पुरे होतं.

"ही काय बाई!" एक म्हातारी म्हणाली. "मारती का त्याला? साखरेच्या माणसाला साखर?"

"छापलंय," मी म्हटलं.

वस्तीत कोणाच्या घरी साखर नव्हती, गूळ नव्हता. बेबीला शाळेत सुकडी मिळायची, गुळातली, भुकटीसारखी. तिनं आदल्या दिवशीची मूठभर फडक्यात बांधून लपवून ठेवली होती. ते मला ठाऊक होतं, पण तिला वाटायचं, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "आण." तिनं एकदा माझ्याकडं, एकदा मामांकडं पाहिलं आणि पळत जाऊन घेऊन आली. मी सुकडी पाण्यात कालवली, मामांना कुशीवर केलं आणि बोटानं थोडी थोडी गालाच्या आत चोळत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. वर दोरे हलत होते.

मामांचा गळा हलला. जीभ बाहेर आली आणि माझ्या बोटाला लागली. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "गोड हाय."

"हाय."

"हे सपनातलं का जागेपणीचं? जागेपणीचं असंल तर थुकतो."

"गिळा मुकाट्यानं!" मी ओरडले, आणि मागच्या सगळ्या बाया हसायला लागल्या, रडायला लागल्या. काय करताहेत त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

मामा उठून बसले तशी मी त्यांची झडती घेतली. "सकाळी गोळी घेतली?"

"घेतली."

"भाकरी खाल्ली?"

ते खुंटीकडं बघायला लागले. तेव्हा मला आठवलं, सकाळी आख्खी भाकरीच माझ्या घरी आली होती. आज पोटाला बरं नाही, असं बेबीला सांगून दिलेली. आणि दुसरंही लक्षात आलं, जे माझ्या केव्हाच लक्षात यायला पाहिजे होतं. दुष्काळ पडल्यापासून मामा जालन्याला गेलेच नव्हते. गोळ्या एसटीचा कंडक्टर आणून द्यायचा. मग माप कमी करायला त्यांना डॉक्टर भेटला कुठं?

"डॉक्टरचं नाव घेऊन खोटं बोललात," मी म्हटलं. "चौथं शील मोडलंत. मेला असता म्हणजे?"

मामा उठले, भिंत धरत खुंटीपाशी गेले आणि चार दोरे काढून माझ्या मांडीवर ठेवले. "हे सोनाचे दोन, हे बेबीचे. एक मागल्या बुद्धपौर्णिमेचा, एक परवाचा. झगा बेतायला घेतला."

मी दोरे शेजारी शेजारी धरले. सोनाच्या उंचीच्या गाठी एकावर एक आल्या. वर्षभरात पोर दोऱ्याच्या जाडीएवढीसुद्धा वाढली नव्हती. बेबीची छातीची गाठ आत आली होती.

"लेकराचा दोरा दर साली लांबतो," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं माप घेऊन राह्यलो, हे कवा पाह्यलं न्हाई. आधी कड देत होतो, मंग माझ्या दोऱ्यातलं आख्खंच इकडं टाकलं. दुसरं काय येतंय मला?"

मी त्यांना चांगलं बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं. मी दोरा लावून बघणार."

"जास्त झाली तर?"

"तर कापीन."

त्या दिवसापासून ते माझ्याच चुलीपाशी जेवले. पहिल्या गाठीची भाकरी, गोळी आधी आणि भाकरी लगेच. पाऊस पडला, तरोटा उगवला, घोळ पसरली. मामांनी पुढच्या बुद्धपौर्णिमेला पोरींची मापं घेतली आणि वस्तीभर दोरे दाखवत हिंडले. सोना दोन बोटं वाढली होती. मामा आणखी नऊ वर्षं जगले. शेवटपर्यंत सुई स्वतः ओवायचे.

त्या दुष्काळातून आमच्या भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिळून चौघं वाचलो. मामा, सोना, बेबी आणि मी.