मृदंग, पेटी आणि बुवांचं मत

मतदानाच्या दिवशी तात्याबा बुवा शाळेपुढच्या रांगेत उभे होते, पण जीव सगळा संध्याकाळच्या कीर्तनात. कवठे महांकाळकडच्या त्या गावात बुवांच्या साथीला मृदंग सयाजीचा आणि पेटी साईराजची. दोघं दोन पक्षांचे. आदल्या दिवशी सयाजीनं बुवांचा हात गळ्यातल्या माळेवर ठेवून वदवून घेतलं, "साईराजच्या मानसाला मत देनार न्हाई." तो गेला नाही तोवर साईराज आला आणि सयाजीच्या माणसाबद्दल तेच वदवून गेला. माळेवरचा शब्द मोडवत नाही; आणि एक जरी रुसला तरी पांडुरंगापुढं नुसते टाळ कुटायची पाळी.

"मग नोटाचं बटन दाबा की," रंगूबाई, बुवांची बायको, म्हणाली.

"दाबीन गं. पन त्यास्नी कसं कळंल? दोघंबी म्हननार, बुवानं त्याला दिलं. त्यांच्या डोळ्यांदेखत न्हाई म्हनलं पायजे."

दोघंही एजंट म्हणून आतच बसले होते. बुवांनी सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि यंत्राकडे न जाता केंद्राध्यक्ष त्रिशला मॅडमपुढं उभे राहिले. मन घाबरलं की बुवांचा आवाज आपोआप कीर्तनाच्या पट्टीत चढे. तसा चढला.

"मला मत द्यायचं न्हाईऽऽ!"

मागं रांगेत सगळे टाळकरीच. बुवांचं चरण कानावर पडलं की झेलायचं, ही जन्माची सवय.

"मत द्यायचं न्हाईऽऽ!" रांग गरजली.

"बुवांनी सोडलं म्हंजी त्यात कायतरी असंलच," धोंडुबाई म्हणाली. "चला गं घरला." निम्मी रांग वळली.

मॅडम शांत होत्या. "बाबा, तुमचा हक्क आहे तो. मी शेरा लिहिते, खाली सही करा." बुवांनी केली.

"आवं बुवा, माझी मतं चालली की!" सयाजी ओरडला.

"तुझी कुठली रं? माझी हायती ती!" साईराज उठला. "बुवा, शपथ सोडली. द्या मत!"

"मीबी सोडली!"

"आता जमायचं नाही, शेऱ्यावर सही झाली," मॅडम म्हणाल्या. "आणि इथं आवाज नको."

बुवा धावतच व्हरांड्यात आले, हात जोडले. "माउलींनो, मी बोललो त्ये माझ्यापुरतं! तुमी आत जावा, मनाला ईल त्ये बटन दाबा!"

"मनाला ईल त्ये बटन दाबाऽऽ!"

त्या गजरानं घरी बसलेलेही उठून आले. रांग पार वडापर्यंत गेली.

संध्याकाळी बुवा मंडपात पोचले, तर पेटी आणि मृदंग आधीच एका सुरात लागलेले. दोघं उठून जवळ आले.

"बुवा, फुडं झेडपीची निवडनूक हाय. माळंवर हात ठेवा."

"आता कुनाला देऊ नको म्हनता?"

"कुनालाबी द्या," सयाजी म्हणाला.

"पन द्या," साईराज म्हणाला. "आन् त्या खोलीत तोंड उघडू नगा."

बुवांनी माळेवर हात ठेवला. तोंडानं मात्र काही बोलले नाहीत. मागं टाळकरी बसले होते.